विंगेतला आवाज

गाडी भिंतीला टेकली तेव्हा फार मोठा आवाज झाला नाही. खुर्ची मागं सरकवताना भिंतीला लागावी, तेवढाच. पण आतल्या ज्या फडताळांचे खटके नीट बसले नव्हते ती उघडली, आणि स्टीलचा एक पेला गडगडत येऊन त्याच्या पायाशी थांबला. ब्रेकवरचा पाय तसाच दाबून धरत त्यानं बाजूच्या आरशात पाहिलं. आरशात त्याची बायको होती. मागच्या चाकापासून थोडी दूर उभी, एक हात अर्धवट उचललेला, तोंड मिटलेलं. ठरलं होतं ते असं, की तिनं मागं उभं राहून "ये, ये" म्हणत राहायचं आणि भिंत जवळ आली की "बस" म्हणायचं. "ये, ये" तिनं म्हटलं होतं, ते त्यानं ऐकलं होतं. "बस" आलंच नाही. त्या एका शब्दाची वाट बघत तो मागं येत राहिला, आणि समुद्रावरून आलेल्या कुठकुठल्या आरमारांना दाद न देणारी त्या जुन्या शहराची तटबंदी त्याच्या मेव्हण्याच्या कॅम्परला, त्या चाकांवरच्या घराला, लागली.

"अगं, बस म्हणायचं ना!" तो खाली उतरत म्हणाला.

"मला वाटलं, अजून जागा आहे," ती म्हणाली.

बंपरवर एक ओरखडा उमटला होता. तिकडं ती बघतही नव्हती. ती वाकून तटाचा दगड बघत होती, त्यावरून तळहात फिरवत होती. "दगडाला काही झालेलं नाही," म्हणाली. "दगडाला काय धाड भरलीय? गाडी बघ. भाऊ तुझा, बोलणी मी खाणार." एरवी भावावरून काही बोललं की ती हसायची तरी किंवा फणकारायची तरी. आज तिनं दोन्ही केलं नाही. हात झटकले आणि चाकाखाली लावायची लाकडी पाचर आणायला गेली. तो तिथंच उभा राहिला. समोर समुद्र होता, करड्या रंगाचा, कुणाशी काही देणंघेणं नसल्यासारखा. अजून जागा आहे. तिला खरंच तसं वाटलं असेल. मागून बघणाऱ्याला अंतर कळत नाही कधीकधी. पण आरशातलं ते मिटलेलं तोंड काही त्याच्या डोळ्यासमोरून हलेना.

एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसायचं, असं दुसरा कुणी म्हणाला असता. पण त्याचं सगळं आयुष्य वेळेवर येणाऱ्या शब्दावर गेलं होतं. तो नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होता. म्हणजे विंगेत अंधारात उभं राहायचं, हातात संहिता धरायची, आणि नट अडखळला की त्याचं वाक्य त्याला द्यायचं; तेही अशा आवाजात, की नटाला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेला जाऊ नये. कंपनीत सगळे त्याला 'कुजबुजे' म्हणत. पुढं पुढं ते नाव इतकं रुळलं की त्याच्या नावानं आलेला फोन घ्यायला त्यालाच क्षणभर उशीर व्हायचा. मोठमोठे नट टाळ्या घेऊन आत आले की त्याच्या खांद्याला घामेजलं कपाळ टेकायचे, म्हणायचे, कुजबुजे, आज तू होतास म्हणून वाचलो. आणि वृत्तपत्रात दुसऱ्या दिवशी त्यांच्या उत्स्फूर्ततेची तारीफ छापून यायची. त्याला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा. मग गेल्या वर्षी नव्या दिग्दर्शकानं नटांच्या कानात बसवायची यंत्रं आणली. एक मुलगी पडद्यामागं च्युइंगम चघळत कॉम्प्युटरपुढं बसते आणि बटण दाबते. त्याला निरोप देताना भिंतीवरचं घड्याळ दिलं, त्याच्याविषयी चार माणसं बोलली, आणि बोलताना एकजण अडखळला तेव्हा त्यानंच त्याला शब्द दिला. सगळे पोट धरून हसले. तेव्हापासून तो घरी होता. दिवसभर घरी, आणि संध्याकाळी ती कामावरून आली की तिच्या समोर.

तिचं काम चष्म्याच्या दुकानात. ती लोकांचे डोळे तपासायची. मागच्या छोट्या खोलीत दिवा मालवून, समोरच्या भिंतीवर अक्षरं उजळवून, माणसाच्या डोळ्यावर जड चौकट चढवायची आणि काचा बदलत विचारायची, "हे बरं दिसतंय, की हे?" विचारलं की गप्प बसायची. तो एकदा तिच्या त्या खुर्चीत बसला होता. तिनं विचारलं, हे की हे, आणि थांबली. अंधारात तिच्या श्वासाचा आवाज येत होता, समोर अक्षरं होती, आणि ती काहीच बोलत नव्हती. दोन्हींत फरक आहे की नाही हे कळायच्या आत तो म्हणाला, "पहिलं." मग पुढच्या काचेलाही पहिलं, त्याच्या पुढच्याही. त्या चष्म्यानं आठवडाभर डोकं दुखलं. तिनं पुन्हा खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "घाई काय आहे तुला? मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. आधी बघ, मग बोल." हा किस्सा तो मित्रांना रंगवून सांगायचा. ती तिथं असली तर उठून आत जायची.

आणि सहलीचं खूळ तिचंच. एवढ्या संसारात तिनं कधी म्हणून कुठं जाऊ या म्हटलं नव्हतं. ठिकाण तो ठरवायचा, तारीख तो, ती पिशव्या भरायची. या वेळी तीच भावाकडं गेली, त्याची कॅम्पर मागून आणली, आणि किल्ली टेबलावर ठेवत म्हणाली, समुद्राकाठच्या त्या जुन्या शहरात जाऊ, तिथं माझी मैत्रीण आहे. मैत्रीण म्हणजे तिच्याबरोबर डोळे तपासायचं शिकलेली. तटाच्या आत, एका जुन्या गल्लीत तिचं स्वतःचं दुकान होतं. गेले काही महिने तिचे फोन यायचे. तो दुसऱ्या खोलीत असायचा, पण त्याच्या कानांना सवयच तशी. भिंतीपलीकडचं अर्धं वाक्यही ते सोडायचे नाहीत. मैत्रिणीला एकटीनं होत नव्हतं. दुकानात ये, माझ्याबरोबर कर, वरची खोली रिकामीच आहे, असं ती म्हणत होती. आणि ही म्हणत होती, बघू. तिकडं आले की बोलू. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं सरळच विचारलं होतं, "तू परत येणार आहेस ना?" ती कपडे घडी करत होती. घडी पूर्ण करून म्हणाली, "तिथं गेल्यावर सांगते तुला." नाही म्हणाली असती तर भांडता आलं असतं. हो म्हणाली असती तर प्रश्नच नव्हता. तिथं गेल्यावर सांगते तुला, या चार शब्दांवर बसून तो एवढा सगळा रस्ता गाडी चालवत आला होता.

रस्त्यात लेकीचा फोन आला. लेक दूरच्या शहरात असते, नवरा आणि नोकरी यांत बुडालेली. फोन दोघांना ऐकू येईल असा लावला होता. "आई, कशी आहेस?" तिनं विचारलं. "बरी आहे गं, जरा..." "पाठ दुखतेय ना? मला माहीतच होतं. त्या गाडीतल्या सीटा म्हणजे... बाबा, मधेमधे थांबवत जा." बायको खिडकीबाहेर बघत राहिली. पाठ दुखत नव्हती तिची. काय होतं कुणास ठाऊक, पण पाठ नव्हती. तो मात्र मनातून सुखावला होता. माझ्यावर गेलीय, असं त्याला वाटलं होतं.

कॅम्परच्या आत दोन माणसं एकमेकांना ओलांडून जाऊ शकत नाहीत. एकाला जायचं असेल तर दुसऱ्यानं बाकावर बसून पाय वर घ्यायचे. टेबल खाली पाडलं की त्याचा पलंग होतो, पलंग झाला की शेगडीपाशी उभं राहता येत नाही. नळ उघडला की पंप गुरगुरतो, आणि एकानं कूस बदलली की दुसऱ्यालाही झोका बसतो. घरी त्यांच्यामध्ये दोन खोल्या, एक टीव्ही आणि दुधाच्या पातेल्यापासून शेजाऱ्याच्या कुत्र्यापर्यंत कितीतरी गोष्टी असायच्या. इथं काहीच नव्हतं. इथं ती गप्प बसली की ते ऐकू यायचं. त्याला ते सहन व्हायचं नाही. तो मग बोलायचा, रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचायचा, तिनं "आता पुढच्या पंपावर..." असं सुरू केलं की "चहा घेऊ" असं पूर्ण करून टाकायचा. तिला कधीकधी टायरमधली हवा बघायची असायची. तरी ती म्हणायची, हो, चहा.

लोक म्हणायचे, तुमचं न बोलता जुळतं. तुम्ही एकमेकांची वाक्यं पुरी करता. त्यालाही इतकी वर्षं तसंच वाटत आलं होतं. पण या प्रवासात, घाटाच्या एका वळणावर कधीतरी, त्याच्या लक्षात आलं की एकमेकांची नव्हे, तिची तो. त्याचं वाक्य तिनं पुरं केल्याचं त्याला एकदाही आठवेना. तिची आई गेली तेव्हा इस्पितळात डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, नळ्या ठेवायच्या का काढायच्या. ती डॉक्टरांकडं बघत राहिली, आणि तो म्हणाला, काढा, तिला आईचे हाल बघवत नाहीयेत. तिनं मान हलवली. लेक लहान असताना बायकोला तिच्या जुन्या शिक्षकांनी पुढच्या शिक्षणाला बोलावलं होतं, वर्षभर बाहेर. ती घरी येऊन म्हणाली होती, "मला वाटतंय, मी त्यांना..." आणि तो म्हणाला होता, "नाही म्हणून कळव, त्यात एवढं संकोचायचं काय?" ती म्हणाली होती, हो, तेच म्हणणार होते. तेच म्हणणार होते! हे वाक्य तिनं किती वेळा म्हटलं असेल. तो ते ऐकून प्रत्येक वेळी खूश व्हायचा, नेम बरोबर लागल्यासारखा.

तटाचा दरवाजा बुटका आहे, म्हणून असल्या गाड्यांना बाहेर भिंतीलगतच उभं राहावं लागतं. दुपारी ते दोघं चालत आत गेले. आत दगडी गल्ल्या, वरच्या मजल्यांचे लाकडी सज्जे एकमेकांना भिडायला आलेले, खाली दुकानांतून जहाजांच्या छोट्या प्रतिकृती आणि शिंपल्यांचे दिवे. चौकात एक तोफ समुद्राकडं तोंड करून ठेवलेली, आणि तिच्यापाशी एक वाटाड्या पर्यटकांना शहराचा इतिहास सांगत होता. तरुण होता, आवाज चांगला, उच्चार स्वच्छ. बायको म्हणाली, ऐकू या. एक घोळका ऐकून गेला, दुसरा आला, आणि ती तिथंच उभी होती म्हणून तोही उभा होता. वाटाड्यानं तेच पहिल्यापासून सुरू केलं. वेढा पडला, धान्य संपलं, विहिरी आटल्या. "आणि मग शहराच्या लोकांनी ही तोफ..." असं म्हणून वाटाड्या थांबला. सगळे तोफेकडं बघू लागले. वारा वाहत होता. आणि याच्या तोंडून, सवयीनं, अगदी नटाला ऐकू जावं तेवढ्याच आवाजात, वाक्य गेलं, "स्वतःच्याच दरवाज्याकडं वळवली."

पण तो चौक होता, रंगमंच नव्हता. सगळ्यांना ऐकू गेलं. कुणीतरी टाळी वाजवली. वाटाड्या लाल झाला. "काका," तो म्हणाला, "मी विसरलो नव्हतो. मी थांबलो होतो. लोकांना जरा बघू द्यावं म्हणून." लोक हसले. यानंही हसून हात जोडले, आमचा धंदाच तो, म्हणाला, आणि बायकोकडं पाहिलं. ती हसत नव्हती. रागावलेलीही नव्हती. तपासणीच्या खोलीत ती माणसाच्या बुबुळाकडं जशी बघते तशी त्याच्याकडं बघत होती, निव्वळ बघत. मग म्हणाली, "मी जाते मैत्रिणीकडं. तू ये फिरून." मी पण येतो, असं तो म्हणणार होता. पण ती पाठ फिरवून गेलीसुद्धा.

तो फिरला. तटावर चढला, उतरला, एका बाकावर बसला. त्याला त्या म्हाताऱ्या नटाची आठवण येत राहिली, ज्यानं त्याला हा धंदा शिकवला. हा कंपनीत नवीन होता तेव्हा एका नाटकाच्या तिसऱ्या अंकात त्या नटाचा एक प्रसिद्ध थांबा होता. मुलाच्या प्रेतापाशी उभं राहून तो काहीच बोलायचा नाही, आणि नाट्यगृहात टाचणी पडली तरी ऐकू यावं असं व्हायचं. यानं पहिल्याच प्रयोगाला, नट विसरला असं वाटून, त्या शांततेत वाक्य फेकलं. नटानं ते घेतलं, म्हटलं, अंक संपवला. आत आल्यावर त्यानं याला मारलं नाही, शिवी दिली नाही. तोंड धुतलं आणि म्हणाला, "हात बघत जा. विसरलेल्या माणसाचे हात चुळबुळतात, काहीतरी शोधत असतात. थांबलेल्याचे हात गप्प असतात." त्यानंतर याची कधी चूक झाली नाही. एकाही नटाच्या थांब्यात त्यानं पुन्हा तोंड घातलं नाही. विंगेतून तो फक्त हात बघायचा. घरी आल्यावर मात्र कधी बघितले नव्हते. घरी कशाला बघायचे? घर म्हणजे काय नाटक आहे?

दुकान त्याला शोधायला लागलं नाही. गल्लीत वळला तोच लांबून पाटीवरचा मोठा चष्मा दिसला. तो दारापर्यंत गेला, पण आत गेला नाही. काचेतून दिसत होतं. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. मैत्रीण काउंटरला टेकून उभी होती, आणि त्याची बायको उंच स्टुलावर बसून बोलत होती. बोलत होती म्हणजे किती बोलत होती! हात हलत होते, मान हलत होती, मधेच थांबत होती, वर बघत होती, आणि मैत्रीण नुसती उभी होती, एक शब्द न बोलता. मग पुन्हा ती बोलायला लागत होती. एवढी लांब वाक्यं तिच्याकडं असतील, हे त्याला माहीतच नव्हतं. आवाज बाहेर येत नव्हता. तिचे ओठ बघून तो अंदाज करू लागला, नकळत त्याचेही ओठ हलू लागले. ती इथं हे म्हणेल, आता हे. एकही अंदाज जुळेना. तिचे ओठ भलत्याच आकाराचे शब्द बोलत होते. दुकानासमोरून जाणारी एक बाई त्याच्याकडं बघून बाजूला सरकली, तेव्हा तो भानावर आला आणि तिथून निघाला. त्याला मत्सर वाटला, खोटं कशाला बोला. कुणी परका पुरुष आत असता तर परवडलं असतं. आत एक साधी, केस पिकलेली बाई होती, आणि तिनं काही केलं नव्हतं. ती फक्त गप्प बसली होती.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा त्यानं चहा ठेवला होता. ती समोरच्या बाकावर बसली. मध्ये ते टेबल, ज्याचा पलंग होतो. पडदे अजून ओढायचे होते, समुद्राकडून येणारा उजेड हळूहळू मावळत होता. तिनं दोन्ही हातांनी कप धरला.

"तिच्याशी बोलले मी," ती म्हणाली. "सगळं बोलले. वरची खोली बघितली. लहान आहे, पण खिडकी चांगली आहे."

तो काही बोलला नाही. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"ती म्हणते, तिची काही घाई नाही. येताना मी तटावरून आले मुद्दाम, चालत. म्हटलं, तुला इथंच सांगावं. घरी गेलं की मग घरच बोलायला लागतं." ती जराशी हसली. "तर मी ठरवलंय, की मी..."

आणि थांबली.

फ्रिजची घरघर चालू होती, तीही नेमकी तेव्हाच बंद पडली. बाहेर लाट येऊन परतली आणि दुसरी आलीच नाही, असं त्याला वाटलं. त्यानं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं नाही. त्यानं तिचे हात पाहिले. कपाभोवती दोन्ही हात होते, बोटं एकमेकांत अडकलेली, लग्नात घातलेली आणि आता निघत नसलेली अंगठी, काचा पुसून पुसून कोरडी पडलेली पेरं. ते हात हलत नव्हते. काही शोधत नव्हते. इतके गप्प हात त्यानं त्या म्हाताऱ्या नटाचेसुद्धा पाहिले नव्हते. ती विसरली नव्हती, तिला शब्द नको होता, हे त्याला कळलं. त्याच्याइतकं हे जगात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. गप्प बस, त्यानं स्वतःला सांगितलं. फक्त गप्प बस, एवढंच कर, आयुष्यात एकदा. पण त्या शांततेच्या पलीकडं काय आहे ते दिसत नव्हतं. तिथं घर असेल, तोच पलंग, तोच टीव्ही, तिची संध्याकाळची किल्ली दारात फिरतेय. किंवा तिथं काहीच नसेल, आणि ते काहीच नसणं तिच्या आवाजात ऐकावं लागेल, तिनं स्वतः शोधून काढलेल्या शब्दांत. ते त्याला झेपणार नव्हतं. मार बसणारच असेल तर आपल्या हातानं बसावा, असं माणसाला वाटतं ना, तसं त्याला वाटलं. भीती वाटली त्याला, सरळ भीती. आणि त्याच्या तोंडून वाक्य गेलं, पहिल्या रांगेला ऐकू जाऊ नये अशा आवाजात.

"इथंच राहणार."

तिनं वर पाहिलं. कप खाली ठेवला. कितीतरी वेळ त्याच्याकडं पाहत राहिली, आणि मग, नट घेतो तसं, तिनं ते घेतलं.

"हो," ती म्हणाली. "मी इथंच राहणार."

तो उठला, पण उठून जायला जागा नव्हती. परत बसला. "तू हेच म्हणणार होतीस ना?" त्यानं विचारलं. आता ती म्हणेल, तेच म्हणणार होते.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"माहीत नाही म्हणजे? ठरवलंय म्हणालीस तू."

"म्हणाले खरी. म्हटलं, तोंडानं ठरवलंय म्हणावं, पुढचं येईल आपोआप. आणि येत होतं रे. दोन्ही समोर होतं माझ्या. हे बरं, की हे. बघत होते मी. आणखी थोडं बघितलं असतं, तर दिसलं असतं."

"मग आता बघ. मी नाही बोलत. परत सांग पहिल्यापासून, मी खरंच नाही बोलत."

ती हसली. दिवसभरात पहिल्यांदा मोकळी हसली, आणि त्यात राग नव्हता, तेच वाईट होतं. "आता कसं बघू? आता ऐकू आलं ना मला. आणि ऐकल्यावर वाटलं, बरं आहे की वाक्य. हेच असेल माझं. तुझं वाक्य कधी चुकलंय? एवढ्या वर्षांत एकदा तरी चुकायचं होतंस. मी म्हटलं असतं, नाही, हे नाही." ती थांबली. तो गप्प बसला. आता त्याला गप्प बसता येत होतं, आता किती वेळ म्हणाल तितका वेळ. ती म्हणाली, "परत यायचंही असेल मला. कुणी सांगावं. पण आता ते कळायचं नाही. तुलाही नाही आणि मलाही नाही."

मग तिनं कप विसळले. पंप गुरगुरला. त्यानं पाय वर घेतले, ती त्याला ओलांडून गेली आणि पडदे ओढू लागली.

सकाळी तिनं बॅग घेतली. एकच बॅग होती, दोन दिवसांच्या कपड्यांची. बाकीचं नंतर नेईन, म्हणाली, भाऊ आणून देईल. दारात पायरीवर थांबून म्हणाली, "शेगडीवरच्या फडताळाचा खटका नीट बसत नाही. निघायच्या आधी दाबून बघ." मग "गोळ्या संपत आल्यात तुझ्या" असंही म्हणाली. पायरी उतरली. तटाच्या बुटक्या दरवाज्यातून ती आत जाताना त्यानं पाहिलं. तिची उंची ती केवढी, तरी दरवाज्यात तिनं उगाच मान खाली घातली. तो तिथंच बाकावर बसून राहिला. रागवावं, धावावं, मैत्रिणीच्या दुकानाची काच फोडावी, असं काही त्याच्या मनात आलं आणि गेलं. त्यानं उठून फडताळाचा खटका दाबला, तो बसला. हात काढला, तो निघाला.

फोन वाजला. लेक होती.

"बाबा, निघालात का? आईचा फोन लागत नाहीये. कुठाय ती?"

"आई..." तो म्हणाला, आणि थांबला.

सांगायचं होतं त्याला. लेकीला नाही सांगायचं तर कुणाला? पण कसं सांगायचं ते त्याला अजून दिसत नव्हतं. आई गेली म्हणावं तर भलतंच वाटेल. आई राहिली म्हणावं, तर ती राहिली की त्यानं ठेवली? एका हातात फोन होता, दुसरा टेबलावर गप्प पडला होता. काहीतरी होतं, अगदी जवळ, जिभेवर नव्हे, त्याच्याही मागं कुठंतरी. कधी कुणाच्या संहितेत नसलेलं, त्याचं स्वतःचं. अजून थोडा वेळ मिळाला असता तर आलं असतं. त्यानं श्वास घेतला.

"झोपलीय का अजून?" लेक म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "झोपलीय अजून."

"वाटलंच मला," लेक म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.